घरात न मावणारी उत्तरं : गुप्त शब्दकोड्याच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै

ठरलं एकदाचं. आम्ही पाच जण. आळीपाळीनं एकानं कोडं रचायचं, उरलेल्या चौघांनी मिळून सोडवायचं. चौकट भरली की काम अर्धं झालं. त्यानंतर आत दडवलेलं एक शेवटचं उत्तर शोधायचं आणि रचणाऱ्याला तेवढंच कळवायचं. ते कर्णावर असेल, सूत्रांच्या, म्हणजे शब्द ओळखायला दिलेल्या इशाऱ्यांच्या, आद्याक्षरांत असेल, काळ्या घरांच्या शेजारी असेल. कुठे आहे ते सांगायचं बंधन रचणाऱ्यावर नाही.

मंडळी अशी: काका, ज्यांचं आयुष्य प्रुफं तपासण्यात गेलं आणि जे अजूनही लग्नपत्रिका हातात आली की आधी चुका काढतात. मास्तर, गणिताचे. वहिनी, ज्यांना कोड्यातलं सगळ्यात जास्त कळतं आणि ज्या सगळ्यात कमी बोलतात. धाकटी, प्रोग्रामर. आणि नोंदी ठेवायला मी.

पहिली बैठक नियमांतच गेली. एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट. जोडाक्षर एकाच घरात. म्हणजे 'शक्ती' दोन घरांचा. इथवर वाद नव्हता. वाद झाला ऱ्हस्व-दीर्घावर. आडव्या शब्दाला 'ती' हवी आणि उभ्याला 'ति', तर एकाच घरात दोन्ही चालवून घ्यायचं का? छापील कोड्यांत पुष्कळदा चालवून घेतात. मास्तर म्हणाले, चालू द्या, नाहीतर चौकट जुळणारच नाही. काका म्हणाले, "मग उद्या 'दिन' आणि 'दीन' एकच म्हणाल." मास्तरांनी 'चिमा काय कामाची' पुढे केलं, उलटसुलट सारखं वाचता येणारं म्हणून सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य. काकांनी शांतपणे विचारलं, "पहिली चि कोणती आणि शेवटची ची कोणती?" मास्तर गप्प.

निर्णय: घरात जे लिहिलंय ते आडवं आणि उभं, दोन्हीकडून तंतोतंत जुळलं पाहिजे.

दोन अक्षरी शब्द चालतील. इंग्रजी कोड्यांत ते वर्ज्य आहेत, पण तिथे घर भरायला २६ अक्षरं. आपल्याकडे ३४ व्यंजनं गुणिले बाराखडी, म्हणजे ४०८, आणि जोडाक्षरं अजून धरलीच नाहीत. त्यामुळे छेद, म्हणजे आडवा आणि उभा शब्द भेटतात ती घरं, जुळवणं रचणाऱ्याला जड जातं आणि सोडवणाऱ्याला सोपं. एक घर छेदातून मिळालं की शक्यता भराभर गळून पडतात. 'टा' मिळणं आणि नुसता 'टी' हा रोमन वर्ण मिळणं यात फार फरक आहे.

९ जुलै

सराव. धाकटीला गूढ सूत्रांची सवय नाही. तिनं आजवर सोडवलेली कोडी 'समानार्थी शब्द द्या' छापाची. म्हणून वहिनींनी पाटीवर लिहून दाखवलं: प्रत्येक सूत्रात दोन भाग असतात. एक व्याख्या, एक रचना. दोन्ही एकाच उत्तराकडे नेतात, आणि मधे एकही शब्द फुकटचा नसतो. कंसातला आकडा म्हणजे उत्तराची घरं.

एका जवानाच्या हृदयात रात्री चमकणारा (३)

धाकटी दहा मिनिटं 'शूरता', 'पराक्रम' असलं काहीतरी शोधत होती. मास्तर तिला म्हणाले, "अर्थ वाचू नकोस गं, अक्षरं वाच." ए-का-ज-वा-ना-च्या. हृदयात म्हणजे मध्यभागी. काजवा.

त्यानंतर ती थांबेना. 'व्यापार वाढला, आत पक्षी घुमू लागला (३)' हे तिनं वाचता वाचता सोडवलं: पारवा. 'दुरून दीपमाळ दिसते, मधून वाहते ती (२)': नदी.

लपवलेल्या शब्दांची ही जात मराठीला छान मानवते, कारण बहुतेक शब्द अक्षरांच्या सीमेवर स्वच्छ तुटतात. बाकीच्या जाती भराभर पाहिल्या. शिरच्छेद: 'नगाऱ्याचं डोकं उडालं, आकाशातून पडल्या (२)', गारा. जोड: 'पक्ष्याची मान आकाशात गेली (३)'. पक्षी म्हणजे वि, हे काकांशिवाय कुणाला आठवेना. वि अधिक मान, विमान. अनेकार्थी: 'नाटकाचा, मासिकाचा, गणिताचा आणि आईचाही (२)'. अंक. शेवटच्या अर्थाला धाकटी अडली. मांडीला अंक म्हणतात हे तिला आजच कळलं.

माझं मत: शिरच्छेद हा सगळ्यात मजेदार प्रकार, कारण पुष्कळदा धडाचा डोक्याशी काहीएक संबंध नसतो. उंदराचं डोकं काढलं की दीर उरतो. ओसरीचं काढलं की पावसाच्या सरी. बगळ्याचं काढलं तर नेमका गळाच उरतो, तो मात्र अपवाद.

१३ जुलै

भांडण. (चांगलं.)

मास्तरांनी सूत्र आणलं: 'विस्कटलेला वानर बोहल्यावर चढला (३)'. उत्तर नवरा. हसलो सगळे, वहिनी जरा जास्तच. मग काकांनी चष्मा पुसला. वानर म्हणजे वा, न, र. नवरा म्हणजे न, व, रा. 'वा' गेला कुठे आणि 'रा' आला कुठून?

मास्तरांचं म्हणणं असं की काना सुटा धरायचा. व, न, र आणि एक काना, एवढंच सामान. ते कसंही मांडा. गणिताच्या माणसाला हे पटणारच. काकांचं म्हणणं, घरात अक्षर बसतं, काना बसत नाही. ज्याला स्वतःचं घर नाही तो एकटा फिरू कसा शकेल?

धाकटीनं तिसरंच काढलं. तिनं शब्दांची अक्षरं मोजणारा छोटा प्रोग्राम लिहायला घेतला होता. संगणकाच्या दृष्टीनं 'शक्ती' म्हणजे पाच तुकडे: श, क, पाय मोडण्याचं चिन्ह, त आणि दुसरी वेलांटी. त्याला सांगावं लागतं की यातले शेवटचे चार मिळून एक. म्हणजे यंत्र मास्तरांच्या बाजूचं, चौकट काकांच्या बाजूची.

मत घेतलं. अक्षर हलेल, काना हलणार नाही. 'गरम होऊन विस्कटली, पाण्यात दबा धरून बसली (३)' चालेल, कारण मगर आणि गरम यांची तिन्ही अक्षरं जशीच्या तशी आहेत. वानर बाद. मास्तरांनी विरोध नोंदवायला सांगितला आहे, नोंदवला.

१६ जुलै

आज कोडं नव्हतं, नुसत्या गप्पा. गुप्त उत्तराची कल्पना आली कुठून?

छापील शब्दकोडं आर्थर विन यांचं, २१ डिसेंबर १९१३, 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात. हिऱ्याच्या आकाराची चौकट, सूत्रं सरळ. चौकट भरल्यावरही कोडं शिल्लक ठेवायची खोड ब्रिटिशांनी वाढवली. 'द लिसनर' साप्ताहिकात १९३० पासून जी मालिका सुरू झाली ती साप्ताहिक बंद पडल्यावरही, १९९१ पासून 'द टाइम्स'मध्ये, चालू राहिली. तिथे सूत्रांत एखादं अक्षर जादा असतं, उत्तरं कापून भरावी लागतात, पूर्ण चौकटीत पुन्हा काहीतरी हुडकावं लागतं.

चौकटीत गुपचूप पेरलेल्या शब्दाला तिकडे 'नीना' म्हणतात. अमेरिकन व्यंगचित्रकार अल हिर्शफेल्ड यांची मुलगी नीना १९४५ साली जन्मली, तेव्हापासून ते तिचं नाव चित्रातल्या केसांच्या बटांत, कपड्यांच्या चुण्यांत दडवू लागले. पुढे ते सहीशेजारी आकडाही टाकायचे, नाव किती ठिकाणी आहे त्याचा. ही गोष्ट मला फार आवडली. लपवायचं, पण किती लपवलंय ते सांगायचं.

काकांना यातलं काही नवीन वाटलं नाही. त्यांनी अंतर्लापिका काढली. संस्कृतात कोड्यांचे दोन प्रकार: उत्तर बाहेरून आणावं लागतं ती बहिर्लापिका, उत्तर श्लोकातच असतं ती अंतर्लापिका. आणि त्यांनी तो प्रसिद्ध श्लोक म्हटला:

कं सञ्जघान कृष्णः का शीतलवाहिनी गङ्गा।
के दारपोषणरताः कं बलवन्तं न बाधते शीतम्॥

चार प्रश्न. कृष्णानं कुणाला मारलं? थंड वाहणारी गंगा कोणती? बायकोच्या पोषणात रमलेले कोण? कुठल्या बलवानाला थंडी बाधत नाही? आता तीच अक्षरं वेगळी तोडा. कंसं जघान कृष्णः, कंसाला मारलं. काशीतलवाहिनी गङ्गा, काशीच्या भूमीवरून वाहणारी. केदारपोषणरताः, शेतं पिकवण्यात रमलेले. कम्बलवन्तं न बाधते शीतम्, ज्याच्याकडे कांबळं आहे त्याला थंडी बाधत नाही.

धाकटी म्हणाली, "काका, हे तर एका जवानासारखंच झालं." अगदी तेच. उत्तर प्रश्नाच्या पोटातच, फक्त शब्द तोडायची जागा सरकवायची.

मोरोपंतांचं निरोष्ठ रामायणही निघालं, ज्यात ओठ एकमेकांना लावून उच्चारायचं एकही अक्षर नाही. म्हणजे प, फ, ब, भ, म हद्दपार. तिथे लपवलेलं काही नाही, पण काय गायब आहे ते आपलं आपण ओळखायचं. असं कोडं रचता येईल का? मास्तर विचार करतायत. मला तरी अशक्य वाटतं. 'म'शिवाय चौकट भरून दाखवाच.

२० जुलै

वहिनींचं कोडं आलं. नऊ बाय नऊ, काळी घरं दोन्ही बाजूंना सारखी: चौकट अर्ध्या फेऱ्यानं फिरवली तरी तशीच दिसते. अगदी मधलं घर काळं. शीर्षक: 'तहानलेल्यांनी नीट वाचावं'. खाली एक ओळ: 'शेवटचं उत्तर चार अक्षरी. सगळी उत्तरं जशीच्या तशी घरांत जातील, अशी हमी नाही.'

दुसऱ्या वाक्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मीही नाही. मास्तर म्हणाले, वकिली भाषा आहे.

पद्धत अशी ठेवली. ज्याला सुटलं त्यानं 'सुटलं' एवढंच म्हणायचं, उत्तर ओरडायचं नाही. बाकीच्यांनी विचारायचं, 'व्याख्या कुठे, सुरुवातीला की शेवटी?' त्यावरही अडलं तरच उत्तर लिहायचं. यानं वेळ लागतो, पण एकाच्या वेगाखाली तिघं चिरडले जात नाहीत. आणि दोन डोकी एका सूत्रावर बसली की एकाला दिसतं ते दुसऱ्याला का दिसत नाही हे पाहण्यातच निम्मी गंमत.

सगळ्यात सुंदर सूत्र: 'उलट वाचा की सुलट, पाहायचं काम याचंच (३)'. नयन. मी तोवर 'कनक', 'जहाज', 'कडक' यांतच घुटमळत होतो.

अंधार पडेपर्यंत डावा वरचा भाग भरला.

२१ जुलै

सकाळीच धाकटीचा निरोप: "कर्ण बघा!!!"

वरच्या डाव्या कोपऱ्यापासून तिरकं खाली. मृदंगाचा मृ. मगरीचा ग. मधलं काळं घर ओलांडून काजव्याचा ज. चपळचा ळ. मृगजळ. चार अक्षरी, शीर्षकात तहान. सगळं जुळलं. मास्तरांनी लगेच वहिनींना कळवू या म्हटलं. अजून खालच्या उजव्या कोपऱ्यात तीन-चार घरं रिकामी होती, पण उत्तर हातात आलेलं असताना रिकाम्या घरांना कोण विचारतो?

काकांनी विचारलं. त्यांचं म्हणणं, अपुरं प्रूफ छापायला सोडत नाहीत.

तर तो कोपरा. आडवं सूत्र: 'ठोकायचं अवजार (२)'. मास्तरांनी पेननं, पेन्सिलीनं नव्हे, 'घण' लिहून टाकलं होतं. घ, ण. दोन घरं, दोन अक्षरं, बिनतोड. आणि त्या 'ण'पासून एक उभा शब्द खाली सुरू होत होता: 'खेळातली चाल (२)'.

काका म्हणाले, "ण पासून सुरू होणारा शब्द सांगा."

कोणी बोलेना. धाकटीनं तिची शब्दयादी चाळली. रोजच्या वापरातला मराठी शब्द ण पासून सुरू होत नाही. व्याकरणातल्या काही संज्ञा सोडल्या तर काहीच नाही. म्हणजे घण चूक.

आता 'खेळातली चाल' म्हणजे डाव, हे उघडच होतं. मग अवजार '?डा' झालं. कुणाला काही सुचेना. 'हातोडा' मनात येत होता, पण तो तीन घरांचा.

२२ जुलै

आज कुणी उत्तर शोधलं नाही. आज आम्ही सूत्रं मोठ्यानं वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सुटलेलीसुद्धा. सूचना काकांची, ते म्हणतात, डोळा बरोबर असलेलं पाहतो, कान चुकलेलं ऐकतो.

वाचताना धाकटी मधेच म्हणाली, "हे असं साधं का आहे?"

वहिनींची सूत्रं वळणावळणाची. प्रत्येकात काहीतरी उलटं, लपलेलं, कापलेलं. पण चार आडवी सूत्रं अगदीच सरळ, शब्दकोशातून उचलल्यासारखी:

ठोकायचं अवजार (२)
गाफील नाही असा (२)
वारा (२)
गोंधळ, गफलत (२)

दुसऱ्याला आम्ही 'दक्ष' लिहिलं होतं. तिसऱ्याला 'वात'. चौथ्याला 'घोळ'. चारही कशी चपखल! आणि रचनेचा भाग मात्र चौघांतही नाही. म्हणजे ही उत्तरं आम्ही पटली म्हणून नव्हे, बसली म्हणून लिहिली होती.

मी वहीत ठळक लिहिलं: बसलेलं उत्तर तपासा. रिकाम्या घराकडे चौघंही पाहतात. भरलेल्या घराकडे कुणीच पाहत नाही, कारण ते कुणीतरी भरलेलं असतं, आणि आपल्याला वाटतं त्यानं तपासलंच असेल. एकटा माणूस सोडवताना स्वतःच्या अक्षरावर शंका घेतो. दुसऱ्याच्या अक्षरावर शंका घेणं म्हणजे उगीच वाकडं बोलणं वाटतं. मास्तरांच्या पेनातला 'घण' काकांनी खोडायला लावला नसता तर आम्ही मृगजळ कळवून मोकळे झालो असतो.

मग पटापट. 'वात'चा 'त' खोटा, कारण त्या घरातून 'नयन' खाली उतरतो. तो आम्ही कोड्याच्या दुसऱ्या टोकाला धरून सोडवला होता आणि छेद नीट पाहिलाच नव्हता. तर 'व' नंतर 'न'. वन. वारा म्हणजे वन कसा? 'दक्ष'च्या 'क्ष'मधून जाणाऱ्या उभ्याचं उत्तर 'अधर' निघालं, म्हणजे तिथे ध. '?ध'.

वन. ?ध. ?डा.

वहिनींचं ते दुर्लक्षित वाक्य मीच परत वाचलं. जशीच्या तशी घरांत जातील, अशी हमी नाही.

पवनचं डोकं उडवलं की वन. सावधचं डोकं उडवलं की वध. (यावर काकांनी टेबलावर हात आपटला. खरंच, जो सावध नाही त्याचा वध, याहून नेटका शिरच्छेद मी पाहिलेला नाही.) हातोड्याचं उडवलं की तोडा. तीन अक्षरी उत्तरं, दोन घरं. उडालेली डोकी सूत्रांच्या क्रमानं: हा, सा, प.

२३ जुलै

'हासाप' नंतर काय? चौथा: 'गोंधळ, गफलत'. 'घोळ'मधला ळ उभ्या 'फाटा'नं खोडला, तिथे टा. म्हणजे घोटा. पायाचा घोटा. आता त्याच्या आधी एखादं अक्षर लावून गोंधळ असा अर्थ व्हायला हवा. धाकटीनं प्रोग्रामला ४०८ अक्षरं एकेक करून लावायला सांगितली. '?घोटा'. एकही शब्द नाही.

इथे मास्तरांनी मनापासून माफ केलं स्वतःला आणि पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "उलट बाजूनं मांडू. हासाप नंतर काय आलं तर अर्थ लागतो?"

"हा सापळा," काका म्हणाले.

आणि दुसऱ्या क्षणी सगळ्यांना कळलं. ळ पासूनही मराठी शब्द सुरू होत नाही. ण चा भाऊच तो. 'ळा' हे अक्षर कुणाचं डोकं म्हणून मिळणारच नाही. वहिनींना ते हवं होतं, म्हणून त्यांनी चौथ्या शब्दाचं डोकं न कापता शेपूट कापलं. घोटाळा. ळा गेला, घोटा उरला.

हातोडा, सावध, पवन, घोटाळा. हा, सा, प, ळा.

हा सापळा. कुठला? कर्णावरचा. मृगजळ हे उत्तर नाही, ते सापळा आहे. आणि आता विचार करा, शीर्षकात तहानलेल्यांना नीट वाचायला सांगितलंय. मृगजळ खोटं, तर खरं पाणी कुठे? धाकटीनं उत्तर शब्दांत दिलंच नाही. तिनं कागद घेतला आणि दुसऱ्या कर्णावर, उजव्या वरच्या कोपऱ्यातून डावीकडे खाली, बोट फिरवलं. पारव्याचा पा. अंगणातला ण. काळं घर. करवतीचा व. 'ठाम'चा ठा.

पाणवठा.

वहिनींना कळवलं. त्यांचा निरोप एका शब्दाचा: "प्या."

२७ जुलै

रचणारीशी चर्चा, तीही आम्हाला कोड्याइतकीच प्रिय. मास्तरांचा आक्षेप: दोन-दोन उत्तरं बसतील अशी सूत्रं देणं अन्याय आहे. घण, दक्ष, वात, घोळ, चारही व्याख्येला उतरतात आणि दोन घरांत मावतात. सोडवणाऱ्यानं काय करायचं?

वहिनी म्हणाल्या, "मास्तर, मी तर कर्णावर मृगजळ लिहूनच ठेवलं होतं. आणखी किती स्पष्ट सांगायचं?"

मग गंभीर बोलणं झालं. इंग्रजी कोडेकारांत अॅफ्रिट या टोपणनावाच्या रचनाकारानं १९४९ साली एक नियम घालून दिला होता. आशय असा: मी बोलतो तेच माझ्या मनात असेल असं नाही, पण जे मनात आहे ते मी बोललेलं असलंच पाहिजे. वहिनींचं कोडं या कसोटीला उतरतं. हमी नाही, हे त्यांनी छापलं होतं. आम्ही वकिली म्हणून सोडून दिलं.

दोन उत्तरांच्या बाबतीत मात्र एक जुनं उदाहरण मास्तरांच्या बाजूनं आणि विरोधातही वापरता येतं. ५ नोव्हेंबर १९९६, अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस. 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या कोड्यात जेरेमाया फॅरेल यांनी उद्याच्या वर्तमानपत्रातली मुख्य बातमी विचारली होती. उत्तरात 'क्लिंटन' बसायचं आणि 'बॉब डोल'ही. रोमन लिपीत दोन्ही सात अक्षरी. छेदणारं प्रत्येक सूत्र असं की दोन्ही अक्षरं चालावीत: हॅलोविनचा काळा प्राणी मांजरही होऊ शकतो, वटवाघूळही. तिथे दोन्ही उत्तरं शेवटपर्यंत खरी राहिली. वहिनींच्या कोड्यात खोटं उत्तर छेदात मरतं. घण मारायला ण होता, वात मारायला नयन. पुरावा चौकटीतच होता.

मास्तर अर्धे पटले. त्यांचा उरलेला मुद्दा मला योग्य वाटतो: 'दक्ष'चं पहिलं घर कुठल्याच उभ्या शब्दात नव्हतं. दोन घरांच्या शब्दात एक घर बिनछेदाचं असेल तर निम्मा शब्द रचणाऱ्याच्या भरवशावर सोडल्यासारखं होतं. वहिनींनी मान्य केलं. पुढच्या वेळेपासून: दोन अक्षरी उत्तराची दोन्ही घरं छेदात हवीत, निदान ज्या उत्तरात काही कापलंय त्याची तरी.

काकांनी स्वतंत्रपणे विचारलं की 'ठोकायचं अवजार' या व्याख्येत 'घण' हाच अधिक योग्य शब्द नाही का, कारण घण लोहाराचा. यावर पाऊण तास गेला. नोंदवण्यासारखं काही निघालं नाही.

३० जुलै

सोडवण्याच्या पद्धतीत बदल. चौकटीच्या शेजारी आता एक रकाना: 'का'. उत्तर लिहिणाऱ्यानं व्याख्या कोणती आणि रचना कोणती, हे तिथे दोन-चार शब्दांत लिहायचं. 'का' रिकामा असेल तर उत्तर पेन्सिलीत राहील, मग ते कितीही बसलेलं असो. पेन मास्तरांकडून काढून घेतलं आहे.

शब्दयादी कधी वापरायची यावरही बोललो. धाकटीचा प्रोग्राम '?डा' दिलं की क्षणात पन्नास शब्द काढतो. पण त्यात तोडा होता आणि तरी काही उपयोग झाला नाही, कारण तोडा म्हणजे पायातला दागिना, त्याचा ठोकण्याशी संबंध काय? यादी शब्द देते, कारण देत नाही. तेव्हा यादी शंका खोडायला वापरायची, उत्तर शोधायला नाही. 'ण'ला तिनं नेमकं तेच काम केलं होतं.

पुढचं कोडं माझं. आद्याक्षरांत वाक्य दडवायचा बेत आहे, पण मनात ठरवलेल्या वाक्यात एक 'णा' आणि दोन 'ळ' आहेत. वहिनींकडे शेपटाची परवानगी मागितली. म्हणाल्या, एकदा वापरलेली युक्ती परत वापरायची असेल तर सूत्रांत आधी सांगावं लागेल. मग काय उरलं? वाक्य बदलतो आहे.